दुसरी टाकी

मे महिन्याच्या ऐन दुपारी, बडोद्याचा पारा ४३ अंशांवर गेलेला असताना, बर्फ पाहावयाचा असेल तर एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला जावे. तारेच्या कुंपणाआड एक उंच पांढरी टाकी उभी असते आणि तिच्या शेजारी पंखेदार ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक उभा पिंजरा. त्या पिंजऱ्यावर बोटबोट जाडीचे हिम साचलेले असते. डबा घेऊन येणारे नातेवाईक क्षणभर थबकतात, कुंपणातून हात घालून त्या गारव्याचा अंदाज घेतात आणि पुढे जातात. वरच्या मजल्यावरील आपल्या माणसाच्या नाकाशी लावलेल्या नळीचे दुसरे टोक इथे आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

टाकीत प्राणवायू असतो, पण वायुरूपात नव्हे. उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा, फिकट निळसर असा तो द्रव असतो. पिंजऱ्याच्या नळ्यांतून जाताना तो भोवतालच्या हवेची ऊब घेतो, वायू होतो आणि स्वतःच्याच दाबाने खाटेपर्यंत पोहोचतो. पंप नाही, मोटर नाही. १८८३ साली क्राकोव्ह येथे व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या दोघा पोलिश शास्त्रज्ञांनी प्राणवायूचा द्रव प्रथम भांड्यात टिकवून दाखविला. पुढे १८९२च्या सुमारास जेम्स ड्यूअरने दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेले भांडे तयार केले. आपल्या घरातील चहाचा थर्मास तो हाच. रुग्णालयाची टाकी म्हणजे त्याच थर्मासचा थोरला भाऊ : आत स्टेनलेस स्टीलचे भांडे, बाहेर साध्या पोलादाचे, मधल्या जागेत परलाइटची भुकटी आणि निर्वात. पंचमहालातील कालोलला अशा टाक्या बनवणारा कारखाना आहे, म्हणजे हे सारे आपल्या अंगणातलेच म्हणायचे.

तरीही सरकारी खात्याच्या यांत्रिक शाखेत माझी अर्धी नोकरी झाली तोवर मी अशी टाकी जवळून पाहिली नव्हती. पाण्याचे पंप, लिफ्ट, बॉयलर यांतच दिवस गेले. कलाभवनात आम्ही वाफ शिकलो होतो. थंडी आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

२००८ साली एका मोठ्या शासकीय रुग्णालयात दुसरी टाकी बसविण्याचे काम माझ्याकडे आले. पहिली दहा हजार लिटरची होती. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, म्हणजे ती एक टाकी सुमारे बाराशे मोठ्या सिलिंडरांच्या बरोबरीची. पण टँकर वेळेवर आला नाही तर काय, या चिंतेपोटी तेवढीच दुसरी मंजूर झाली. टाकी उभी करणे हे काही अवघड काम नव्हे. पाया आणि क्रेन यांवर ते भागते. खरे काम असते ते दोन टाक्यांना जोडणाऱ्या पाइपांचे. पहिली संपत आली की दुसरीने पुरवठा हाती घ्यावा आणि वरच्या मजल्यावर कुणाला त्याचा पत्ता लागू नये, एवढीच अपेक्षा असते. आमच्या घरी नवरात्रात अखंड नंदादीप असे. काजळी झाडायची झाली की आजी आधी दुसरे निरांजन तयार करी, त्याची वात तेलात पुरती भिजू देई, नंदादीपाच्या ज्योतीवर ते लावून घेई आणि मगच मोठ्या दिव्याला हात लावी. कोरडी वात ऐनवेळी धरली तर ती धुमसते, हे तिला ठाऊक होते. ऊन पाइपात अतिथंड द्रव सोडला तर तोही असाच धुमसतो. पुढे सरकण्याआधीच त्याची वाफ होते, ती वाफ मागून येणाऱ्या द्रवाला अडवते आणि पुरवठा गचके खाऊ लागतो.

माझ्या आराखड्यात पुष्कळ गोष्टी बरोबर होत्या, हे आधी सांगून टाकतो. अतिथंड द्रव शिरला की पाइप दर मीटरला सुमारे तीन मिलिमीटर आकसतो. पंधरा मीटरला साडेचार सेंटिमीटर. म्हणून वळणे ठेवली होती. व्हॉल्व्हच्या दांड्या लांब ठेवून वरच्या बाजूस कलत्या घेतल्या होत्या, म्हणजे दांडीभोवती वायू साचून राहतो आणि वरचे पॅकिंग गोठत नाही. टँकर उभा राहण्याची जागा डांबराची न करता काँक्रीटची केली होती, कारण या द्रवाने भिजलेल्या डांबरावर नुसता आघात झाला तरी स्फोट होऊ शकतो. आयुष्यभर आवारांत डांबर ओतण्यास मंजुरी देणाऱ्या मला हे वाचून पहिल्यांदा घाम फुटला होता. आणि मुख्य म्हणजे, दोन व्हॉल्व्हच्या मधल्या प्रत्येक तुकड्यावर एकेक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. दोन्हीकडची दारे बंद झाली आणि मध्ये द्रव अडकला तर बाहेरची ऊब त्याला गप्प बसू देत नाही. वाट दिली नाही तर तो पाइप फोडून वाट काढतो.

चूक दुसरीकडे होती. प्रत्येक टाकीला स्वतंत्र व्हेपोरायझर, म्हणजे तो पंखेदार पिंजरा, देण्याऐवजी मी दोन्ही टाक्यांचे द्रवाचे पाइप एकत्र आणले आणि पुढे जुनेच व्हेपोरायझर ठेवले. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकीतला द्रव दुसरीत शिरायचा नाही. जिचा दाब जास्त ती आधी देईल, म्हणून पहिलीचा दाब अधिक ठेवायचा; ती रिकामी होऊन तिचा दाब उतरला की दुसरी आपोआप चालू होईल. पुरवठादाराच्या तरुण इंजिनियरने भीत भीत विचारले होते, "सर, जोडणी वायूच्या बाजूला घेतली तर?" मी त्याला अंदाजपत्रकातील आकडा दाखविला. खर्चात झालेल्या बचतीचा टिपणीत मी आवर्जून उल्लेख केला होता.

त्या प्लांटवर एक ऑपरेटर होते. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी वडील, जुनी मॅट्रिक झालेले. सगळे रुग्णालय त्यांना काका म्हणे; मीही म्हणत असे. प्राणवायू आणि तेल यांचे हाडवैर आहे, तेलाचा हात व्हॉल्व्हला लागणेही धोक्याचे. त्यामुळे काका ड्यूटीवर येताना डोक्याला तेल लावीत नसत आणि डबा खाल्ल्यावर दोनदा साबणाने हात धुतल्याशिवाय कुंपणाच्या आत पाऊल ठेवीत नसत. हे त्यांना कोणत्याही परिपत्रकाने शिकविले नव्हते. एकदा सिलिंडरच्या तोंडाशी उडालेला भडका त्यांनी पाहिला होता, तेवढे पुरले.

नवी व्यवस्था चालू होऊन दोन आठवडे झाले आणि काका म्हणाले, "साहेब, बीजी टांकी उतरे छे." दुसरी टाकी उतरते आहे. मी म्हटले, थोडी तर उतरणारच. थर्मास कितीही चांगला असला तरी रोज काही अंश वाफ होतेच. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तेच म्हणाले. मी काट्यावर संशय घेतला. या टाक्यांतली पातळी दिसत नाही. वरच्या आणि खालच्या दाबांतील फरकावरून ती मोजतात आणि काट्याचे शून्य सरकले की सारेच आकडे सरकतात. "कांटो खोटो नथी, साहेब," काका म्हणाले. काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, असा शेरा मी मारला. तो माणूस काही आला नाही आणि मीही पाठपुरावा केला नाही.

काकांनी मात्र नोंदवहीत लिहिणे सोडले नाही. दर सोमवारी दुसऱ्या टाकीची पातळी, टक्क्यांत : ८८, ७९, ६८, ५५, ४१, २७, १४. प्रत्येक नोंदीखाली पाहिल्याची माझी आद्याक्षरे आहेत.

याच काळात मी एक मासिक अहवाल पाठविला. पहिली टाकी पूर्वी आठ दिवसांत रिकामी होई, ती आता नऊ-साडेनऊ दिवस पुरू लागली होती. नव्या व्यवस्थेमुळे वापरात बचत झाली, असे मी त्यात लिहिले. वरून शाबासकीचे पत्र आले. कमी पडणारा प्राणवायू दुसऱ्या टाकीतून जात होता, ही बेरीज शाळकरी मुलानेही केली असती.

ऑगस्टमध्ये पावसाने रस्ते अडले आणि टँकर वाटेत अडकला. पहिली टाकी सोमवारी रात्री संपली, दुसरीने काम हाती घेतले आणि कुणाला कळलेही नाही. मंगळवारी सकाळी ही बातमी ऐकून मी खूश झालो. त्याच संध्याकाळी काकांचा घरी फोन आला. काटा खाली चालला आहे, सिलिंडर मागवू का? मी म्हटले, टाकी भरलेली आहे, काटा खोटा आहे, घाबरू नका. अगदी याच शब्दांत.

त्यांनी माझे ऐकले नाही. ओळखीच्या वितरकाला फोन करून स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी चाळीस सिलिंडर मागविले आणि दोन मदतनीस घेऊन मॅनिफोल्डजवळ लावून ठेवले. पहाटे तीनच्या सुमारास दुसऱ्या टाकीचा दाब ढासळला. सिलिंडर हाताने चालू करीपर्यंत चार मिनिटे गेली. त्या चार मिनिटांत वरच्या मजल्यांवर दाबाचे भोंगे वाजत होते, परिचारिका अंबू बॅग घेऊन खाटांकडे धावत होत्या. बालरुग्ण विभागात एक बाई आपल्या मुलाचा मुखवटा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरून उभी होती. जणू तिने दाबला की वायू येईल. हे सगळे मी पाहिले नाही, नंतर ऐकले. मी तेव्हा झोपलो होतो. कुणी दगावले नाही. सकाळी साडेनऊला टँकर आला.

दहा दिवसांनी चाळीस सिलिंडरांचे बिल आले आणि मंजुरी कुणाची, असा प्रश्न निघाला. सरकारी यंत्रणेत प्रश्न निघाला की त्याला एक नाव लावावे लागते. माझ्या कार्यालयाने ऑपरेटरला नोटीस तयार केली : सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना खरेदी का केली आणि राखीव पुरवठा सुरू करण्यास चार मिनिटांचा विलंब का झाला, याचा खुलासा सात दिवसांत करावा. संध्याकाळच्या टपालात ती सहीसाठी आली. टपालाच्या ढिगात न वाचता सही झाली, असे मला इथे लिहिता आले असते. मी ती वाचली होती. वाचून सही केली.

काकांचा खुलासा एका पानाचा होता. त्यावर त्यांनी काही लिहिले नव्हते. नोंदवहीतील सातही सोमवारांच्या ओळींची झेरॉक्स होती आणि खाली त्यांची सही. बिलाला कार्योत्तर मंजुरी मिळाली, नोटीस दप्तरी दाखल झाली. काका दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नमस्कार करून म्हणाले, "साहेब, आजे बेउ टांकी भरी छे." दोन्ही टाक्या भरल्या आहेत.

टाकी का उतरली हे मला त्यानंतर उमगले, तेही आराखड्यासमोर नव्हे, घरी माठापाशी. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. त्याच्या अंगावरून जे थोडेसे पाणी वाफ होऊन जाते ते आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. पण माठाच्या खालच्या तोटीने पाणी काढत राहिलो तर माठ गार होत नाही, नुसता रिकामा होतो. राखीव टाकी नुसती उभी असली तरी बाहेरची ऊब आत झिरपत असते आणि आतला दाब हळूहळू चढतो. माझ्या आराखड्यात तो दाब पहिल्या टाकीपेक्षा वर गेला की दुसरी तळातून द्रव ढकलू लागे. तळातून द्रव गेल्याने दाब फारच थोडा उतरतो, म्हणून पुष्कळ द्रव जावा लागे. तोच दाब माथ्यावरचा वायू काढून उतरविला असता तर थोड्याशा वायूत काम भागले असते आणि उरलेला द्रव अधिक थंड झाला असता. ज्या टाकीला आपण राखीव म्हणतो तिला नुसती बंद करून ठेवता येत नाही. रोज थोडे तिचेही वापरावे लागते, पण वरून.

नवा आराखडा अमलात यायला चौदा महिने लागले. प्रत्येक टाकीला तिचे स्वतःचे व्हेपोरायझर, तेही जोडीने; एक काम करील तेव्हा दुसऱ्यावरचे हिम वितळेल. टाक्यांची जोडणी द्रवाच्या बाजूला न राहता वायूच्या बाजूला आली. पहिल्या टाकीच्या रेग्युलेटरला दहा किलोचा दाब ठरवून दिला, दुसरीला साडेआठचा, सिलिंडरांना सातचा. पुढे एकच रेग्युलेटर तो दाब चार-साडेचारवर आणतो. एक पायरी खचली की खालची आपोआप भार घेते, हात लावावा लागत नाही की वीज लागत नाही. राखीव टाकीच्या माथ्यावरील वायूला मुख्य नळीत जाण्याची वाट दिली, म्हणजे जो वायू एरवी सेफ्टी व्हॉल्व्हमधून आकाशात गेला असता तो सर्वांत आधी रुग्णाकडे जातो. आणि दर महिन्याला दोन्ही टाक्यांची अदलाबदल : राखीव ती मुख्य, मुख्य ती राखीव. ही शेवटची सूचना काकांची. अंदाजपत्रकात बदलाचे कारण मी 'क्षमतावाढ' असे लिहिले.

काका २०१२ साली निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेलो, शाल घातली, श्रीफळ दिले आणि चार शब्द बोललो. त्या चार शब्दांत नोटिशीचा उल्लेख नव्हता. पुढे दोन वर्षांनी ते गेल्याचे कळले.

२०२१च्या एप्रिलमध्ये देशभर प्राणवायूसाठी धावपळ चालली होती. २१ एप्रिलला नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात टाकीपाशी गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. आठवड्याभरातच जुन्या ओळखीने एका रुग्णालयातून बोलावणे आले. तिसरी टाकी घाईने बसवायची होती, आराखड्यावर नजर टाकाल का? मी निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. मास्क बांधून गेलो. तिथल्या तरुण इंजिनियरने मोबाइलवर नकाशा उघडून दाखविला. तिन्ही टाक्यांचे द्रवाचे पाइप एकत्र आणलेले होते.

"जागा वाचते, सर. शिवाय पंधरा दिवसांचं काम पाच दिवसांत होतं."

घाई खरी होती, माणसे खाटेविना दारात होती, आणि मी त्याला वाफेचे धडे देत बसण्याची ती वेळ नव्हती. तिथे कुंपणापाशी उभे राहून मी त्याला सात सोमवारांचे आकडे सांगितले. ते मला पाठ आहेत. मासिक अहवालाचे सांगितले, फोनचे सांगितले. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "आणि नोटीस कोणी काढली?"

"मी," म्हटले.

तो काही बोलला नाही. मोबाइलवरचा नकाशा त्याने बोटांनी मोठा केला आणि तिसऱ्या टाकीच्या पुढे, पाइप जिथे मिळत होते तिथे, बराच वेळ पाहत राहिला. मग पुरवठादाराला फोन लावून त्याने विचारले, उसने व्हेपोरायझर कुठे मिळतील का. दोन मिळाले, आणंदजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातले. आठ दिवस लागले.

टाकी चालू झाली त्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो होतो. कुंपणाच्या आत एक विशीतला ऑपरेटर खुर्ची टाकून बसला होता. राखीव टाकीची पातळी किती, असे मी त्याला विचारले. काट्याकडे न पाहता त्याने सांगितले, "एक्क्याऐंशी." मी काट्यापर्यंत चालत गेलो, चष्मा पुसला आणि पाहिले. एक्क्याऐंशीच होते.